बोलकी खोली

४ फेब्रुवारी

बाबा,

वाकून नमस्कार. खरं तर वाकायला इथे जागाच नाही, म्हणून तो पत्रातूनच घ्या. पुढच्या खोलीत मास्तरांची शिकवणी भरलीय आणि तुमचे हे जावई समीकरणं अशी ओरडून शिकवतात, की पोरांनी काही चोरलंय असं वाटावं. मधल्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही. मी स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहितेय, तेव्हा कुठे तेलाचा डाग दिसला तर हसू नका. फोन करून मोकळी झाले असते, पण तुम्हाला आकृती लागते, आणि ती फोनवर काढून दाखवता येत नाही ना! मग लिहा आता पत्रं.

बातमी ऐका. मला नोकरी मिळतेय! विम्याचं ऑफिस बंद झाल्यापासून किती अर्ज केले ते तुम्हाला माहीत आहे. ही मदतीच्या फोनची नोकरी आहे. एकटी पडलेली, खचलेली, जीव नकोसा झालेली माणसं तिथे फोन करतात आणि आपण ऐकायचं. उपदेश करायचा नाही, मध्ये तोंड घालायचं नाही, फक्त नीट ऐकायचं. प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, आणि शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या आवाजानं माणूस शांत होतो." बाबा, इतक्या वर्षांत माझ्या आवाजाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं. घरी तर "हळू बोल" एवढंच.

काम घरूनच करायचं. पण दार बंद होईल अशी स्वतंत्र खोली हवी. एप्रिलमध्ये ऑफिसच्या दुसऱ्या बाई खोली बघायला येणार. खोली नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल. ही हातची गेली तर पुन्हा उठून अर्ज करायचं बळ माझ्यात उरलेलं नाही, हे फक्त तुम्हाला सांगते. मास्तरांना सांगितलं तर ते धीर द्यायला लागतात, आणि त्यांचा धीर झेपत नाही.

घरात खोली कुठून आणू? पण मागे बाग आहे. कुंपणाच्या कोपऱ्यात काही म्हणजे काही उगवत नाही, तिथे एक लाकडी खोली बसेल. मास्तरांनी शाळेतल्या लांब पट्टीने जागा मोजली. आकृती सोबत जोडलीय. तुम्ही रंगभूमीवर राजवाडे उभे केलेत, मग लेकीला एक टेबल, एक खुर्ची आणि एक दार एवढं जमेल ना? काम सगळं आवाजाचं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तुमची,
ठकी


११ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद. हा माझा एकट्याचा. आईचा वेगळा आहे, तिच्या वतीने मी दिला की ती चिडते.

पत्र वाचलं आणि तडक मागच्या शेडचं कुलूप काढलं. आई म्हणाली, "आधी चहा तरी संपवा." चहा कसला संपवतोय! अगं, मी राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, एकदा तर शिडांसकट अख्खं जहाज उभं केलं. पण पडदा पडला की सगळं उतरवून टेम्पोत. माझ्या हातचं काही उभं राहिलंय आणि त्यात कोणीतरी रोज बसतंय, असं एकही काम माझ्या नावावर नाही. आणि ते काम लेकीनेच मागावं! मी शेडमध्ये जरा वेळ नुसताच उभा राहिलो.

मास्तरांची आकृती अतिशय सुबक आहे. फक्त दार कुठे ते दाखवायचं राहिलंय.

आवाजाचं काम म्हणालीस ना? मग ते माझ्यावर सोड. यात मला कोणी शिकवू नये. जमिनीखाली पोकळी ठेवतो, म्हणजे आवाजाला गोलाई येते. भिंती पातळ आणि ताठ. छत मागून पुढे चढतं. बाजूच्या भिंती समांतर नाहीत, पुढे जरा फाकलेल्या. नट कुजबुजला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे, ही माझी आयुष्यभराची रीत. तुझ्या त्या खचलेल्या माणसांना तुझा एकेक शब्द स्वच्छ पोहोचेल. आई म्हणते खिडकी हवीच, पोरीचा जीव गुदमरेल. ठीक आहे, खिडकी घेतो.

सगळे भाग सुटे करून, आकडे घालून टेम्पोने पाठवतो. खालच्या चौकटी आधी, भिंती नंतर, छत शेवटी. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लाव, काटकोन डोळ्यांनी ठरवू नकोस. भिंत उभी केली की ओळंबा सोडून बघ. आणि मास्तरांच्या हाती हातोडी देऊ नकोस. त्यांच्याबद्दल मला आदर आहे म्हणून सांगतोय.

बाबा


९ मार्च

बाबा,

झाली! उभी राहिली! मी आत बसून लिहितेय. दार लावलंय. दार लावून बसणं म्हणजे काय सुख असतं, ते मी विसरूनच गेले होते.

टेम्पोवाला विचारत होता, "ताई, नाटक कुठे आहे?" मी म्हटलं, इथेच. तुमचे आकडे बघून एकेक तुकडा लावत गेले, आणि काय सांगू, एकही तुकडा अडला नाही. चौकटीत चौकट अशी बसायची, की मी दरवेळी "अरे वा!" म्हणायची आणि मास्तर खालून विचारायचे, "आता काय झालं?" त्यांना हातोडी दिली नाही, पण ओळंबा दिला. तो त्यांनी इतका मनापासून धरला की चहासाठीसुद्धा सोडेनात. भिंत तसूभर कलली की लगेच हरकत घ्यायचे. तुम्ही त्यांना कमी लेखू नका, या भिंती सरळ आहेत त्या त्यांच्यामुळे. सासूबाई दारात खुर्ची टाकून देखरेखीला. शेवटी आत येऊन बसल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या हाताला जादू आहे." त्या सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत. माझ्या तर कानांवर विश्वास बसेना.

लाकडाचा वास काय सुंदर येतोय! मी भिंतींना रंगच देणार नाही.

एक गंमत सांगते. परवा आत बसून सराव करत होते. सुरुवातीची वाक्यं ठरलेली असतात: "मी ऐकतेय. सावकाश बोला. मला घाई नाही." एवढं म्हटलं आणि कुंपणापलीकडून उत्तर आलं, "मलाही नाही!" माझी तर भंबेरीच उडाली. ते होते शेजारचे कात्रीवाले काका. दिवसभर कात्री घेऊन कुंपणाची पानं छाटत असतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं हे नाव. गेल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हापासून ते कोणाशी धड बोलत नाहीत. मला म्हणाले, "तुझा शब्द न् शब्द ऐकू येतो. रेडिओसारखा." आम्ही दोघंही खूप हसलो. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुमचं काम म्हणजे काम, बाबा. ऑफिसकडून नियमांचा कागद आलाय, त्याप्रमाणे किरकोळ काही करावं लागेल. ते मी बघते, तुम्ही त्यात डोकं घालू नका. आईला सांगा, खिडकीतून कुंपण दिसतं आणि त्यावर पक्षी बसतात.

ठकी


१६ मार्च

ठके,

शाब्बास! शाब्बास! शाब्बास!

शब्द न् शब्द ऐकू आला म्हणाला ना तो माणूस? आणि कुंपणापलीकडून? मधे दार बंद असताना? अगं, नाट्यगृहातसुद्धा इतकं जमत नाही. तिथे निदान समोरून उघडं असतं! मी पत्र घेऊन थेट आमच्या नाटकाच्या दिवेवाल्याकडे गेलो. तीस-एक वर्षं तो मला ऐकवतोय की माझ्या सेटला नुसतं रूप असतं. त्याला तेवढा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आई म्हणते, "पण बंद खोलीतलं बाहेर ऐकू आलं, यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?" तिला यातलं कळत नाही.

पण खरं कौतुक तुझं. भाग मी पाठवले, उभं तू केलंस. मला उभं करायला चार माणसं लागायची, तीही मुरलेली, आणि तरी शिव्या मोजायला माणूस वेगळा. तू ओळंबेवाले मास्तर घेऊन एकटीने केलंस. लहानपणी तू विंगेत माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसून झोपायचीस. मला वाटायचं, पोरगी कंटाळतेय. तू तर बघत होतीस की सगळं!

किरकोळ काय करायचं आहे ते मला कळव. किरकोळ कामं तू करू नयेस, त्यातच काम बिघडतं.

बाबा


२१ मार्च

आदरणीय बाबा,

मास्तर लिहितोय. मी आपल्याला पत्र लिहितोय हे हिला माहीत नाही. हे योग्य नव्हे हे मला कळतं, पण मुद्दे मांडतो, आपणच ठरवा.

एक. ऑफिसचा नियम असा, की फोनवरच्या माणसाचं दुःख त्याचं स्वतःचं, ते चार लोकांत जाता कामा नये. म्हणून खोलीबाहेर एक शब्दही ऐकू येता कामा नये. तपासणीच्या बाई बाहेर भिंतीला लागून कागद-पेन घेऊन उभ्या राहणार आणि हिला आतून मोठ्याने वाचायला सांगणार. कागदावर एक शब्द उतरला तरी नापास.

दोन. आपण बांधलेली खोली आवाज बाहेर नेते. नुसती नेत नाही, उत्तम नेते. मी स्वतः कुंपणापाशी उभं राहून ऐकलं. हिने हळू वाचलेलं मला आमच्या जेवणाच्या टेबलावरून बोलल्यापेक्षा स्पष्ट ऐकू आलं.

तीन. यात चूक कोणाची असेल तर ती आम्हा सगळ्यांची. हिने "आवाजाचं काम" एवढंच कळवलं, आपल्याला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत, आणि आकृती मी काढली.

चार. आपल्याला वाईट वाटेल म्हणून ही सांगत नाही. आपलं "शाब्बास"चं पत्र आलं तेव्हा ती हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. सगळी पांघरुणं तिने भिंतींना टांगली आहेत. मातोश्री म्हणतात, थंडी आली तर आम्ही काय भिंती पांघरायच्या? आणि पांघरुणांनी काडीचाही फरक पडलेला नाही.

पाच. हा मुद्दा मी लिहिणार नव्हतो. काका आता रोज संध्याकाळी कुंपणाला लागून खुर्ची टाकतात. हिच्या सरावाची ती वेळ. परवा ही फोनवर मैत्रिणीबरोबर सराव करत होती. तिने विचारलं, "किती दिवस झाले या गोष्टीला?" मैत्रीण उत्तर देण्याआधी पलीकडून काका म्हणाले, "दोन महिन्यांनी वर्ष होईल." अगदी साध्या आवाजात. ही बाहेर धावली तोवर ते खुर्ची घेऊन आत गेले होते. त्यानंतर हिने सराव थांबवला. म्हणते, "त्यांना वाटतं मी त्यांच्याशीच बोलते. असं भिंतीआडून फसवणं बरं नाही."

बाबा, ही या कामासाठी जन्मलीय. मी रोज तीस पोरांपुढे बोलतो आणि त्यातलं एकही ऐकत नाही. ऐकणारं माणूस किती दुर्मिळ असतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तिची ही नोकरी जाऊ नये. यावर उत्तर आपल्याकडेच असेल असं मी गृहीत धरतो. गणितात गृहीत धरलेलं चालतं.

आपला,
मास्तर


२५ मार्च

ठके,

वेडी आहेस. शुद्ध वेडी आहेस.

मास्तरांना काही बोलू नकोस. त्यांनी मला पत्र लिहिलं आणि मुद्दे घालून लिहिलं, म्हणून मला कळलं तरी. तू लिहिलं असतंस तर चार पानं पक्ष्यांवरच गेली असती.

मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस? अगं, माझा राजवाडा एकदा भर प्रयोगात राजाच्या अंगावर पडलाय! राजाने तो एका हाताने धरून पुढचं सगळं भाषण म्हटलं. मला वाईट वाटायची सवय आहे. तुझी नोकरी माझ्या कौतुकापायी गेली असती तर मात्र मला ते सोसलं नसतं. पुन्हा असं करू नकोस.

आता हसून घेतो. आई तर हसायची थांबेना. "मी म्हणत नव्हते?" हे ती आज किती वेळा म्हणाली, विचारू नकोस. दिवेवाल्याला अजून कळवलेलं नाही. त्याची घाई नाही.

खोली मोडायची नाही. दोन दिवस विचार करतोय आणि एक गोष्ट लक्षात आली. आवाज बाहेर कसा न्यायचा हे मला माहीत आहे, म्हणजे तो कुठून जातो हेही मला माहीत आहे. चोरवाटा मीच ठेवल्यात, मीच बुजवतो. जमिनीखालच्या पोकळीत कोरडी वाळू भरायची. आतून दुसरी भिंत उभी करायची, जाड आणि जड. दोन भिंतींनी एकमेकींना कुठेही टेकायचं नाही. एका घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारखं. मधे काचेची लोकर गच्च. छताचंही तसंच. खिडकीला दोन काचा. दाराला चहूबाजूंनी रबर. हवा यायला वाट हवी, पण ती सरळ ठेवायची नाही, नागमोडी करायची आणि आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लावायचा. वळणं घेता घेता आवाज दमतो.

मी सामान घेऊन येतोय. पांघरुणं काढून सासूबाईंना परत दे, आणि त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी माझ्या हाताला जादू म्हटलं होतं, ते त्यांनी मी येईपर्यंत मागे घेऊ नये.

बाबा


२० एप्रिल

बाबा,

आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही खालच्या ओळी आधी वाचाल. पास!

तुम्ही आदल्या दिवशी निघून गेलात. किती विनवण्या केल्या, पण "पहिल्या प्रयोगाला मी कधीच थांबलो नाही" म्हणून पिशवी उचललीत. मला राग आला होता. आता वाटतं बरं झालं. तुम्ही असतात तर बाईंच्या आधी तुम्हीच भिंतीला कान लावून बसला असतात.

बाई सकाळी आल्या. उंच, गंभीर, बोलायला कमी. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. मग विचारलं, "कोणी बांधली?" मी म्हटलं, "वडिलांनी आणि मी." म्हणाल्या, "इथे बसलं की आपोआप हळू बोलावंसं वाटतं." मग मला एक पान दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगून बाहेर गेल्या. दार लावल्यावर रबर दबल्याचा तो बारीक "फुस्स" आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मी वाचायला लागले. खिडकीतून दिसत होतं: बाई भिंतीला लागून उभ्या, कागदावर पेन टेकवून. मास्तर कुंपणापाशी, डोळे मिटून. सासूबाई दारात. त्यांनी टीव्ही बंद केला होता, बाबा. स्वतःहून. लग्नानंतर मी तो दिवसाढवळ्या बंद झालेला पहिल्यांदा पाहिला.

मी पान संपवलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शेवटी मोठ्याने ओरडले सुद्धा. बाई आत आल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. कोरा! मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. इतकी वर्षं घरात सगळ्यांचं सगळं ऐकू येत होतं आणि माझं कोणालाच येत नव्हतं. आता मी ओरडतेय आणि कोणाला ऐकू येत नाही, याचाच आनंद! बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, "अशाच रडणाऱ्या माणसांचं तुम्हाला ऐकायचंय. सोमवारपासून या." मग स्वतःच हसल्या, कारण यायचं कुठेच नव्हतं.

तुम्ही इथे असताना मी नीट बोलले नाही, म्हणून लिहिते. तुम्ही स्वतःच्या सुंदर भिंतींवर दुसरी भिंत चढवत होतात, तेव्हा मी बघत होते. एकेक फट बोटाने चाचपत होतात. गुडघे दुखत होते, तरी वाळू तुम्हीच पसरलीत. ज्या कामावर दिवेवाल्याकडे मिरवलंत, तेच झाकत होतात, आणि तोंडाने शीळ चालू. माझ्याच्याने हे झालं नसतं. मी दुसऱ्याचं काम झाकलं असतं, स्वतःचं नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. बाई निघताना कुंपणापाशी थांबल्या. काका पानं छाटत होते. बाईंनी विचारलं, "आतलं काही ऐकू येतं का?" काका म्हणाले, "आधी यायचं. आता काहीच येत नाही." त्यांनी कात्री मिटली आणि आत गेले. संध्याकाळी खुर्ची बाहेर आली नाही. मला आनंदात असताना एकदम कसंतरी झालं.

ठकी


२७ एप्रिल

ठके,

पास झालीस! आईने अख्खी आळी गोळा केली. मला कोणी विचारलं तर मी म्हणतो, "लेकीने खोली बांधली, मी वाळू पसरली."

मी पुढच्या चौकापर्यंतच गेलो होतो, हे तुला आता सांगायला हरकत नाही. तिथल्या बाकावर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसलो आणि दुसऱ्या दिवशीची काळजी आदल्या दिवशीच करून घेतली.

त्या माणसाबद्दल लिहिलंस ते वाचून मीही अस्वस्थ झालो. मी आलो तेव्हा तो मला सामान उतरवायला न सांगता मदत करत होता. वाळूची पोती त्यानेच आत आणली. कशासाठी आणतोय ते त्याला माहीत होतं, ठके. मी त्याला सांगितलं होतं की यामुळे आवाज बंद होईल. तो म्हणाला, "व्हायलाच हवा. पोरीचं काम आहे." मी तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. त्याच्याकडे जाऊन ये.

बाबा


१४ मे

बाबा,

तीन आठवडे झाले काम सुरू होऊन. काय ऐकते ते सांगता येणार नाही, पण बाहेर येते तेव्हा दमलेली असते आणि बरी असते. मास्तर काही विचारत नाहीत. चहाचा कप पुढे करतात आणि एखादं अतिशय कंटाळवाणं गणित सांगतात. त्याचा फार उपयोग होतो.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी काकांकडे गेले. वाळूच्या पोत्यांचं मला ठाऊकच नव्हतं. ते दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "काका, संध्याकाळी माझ्याशी गप्पा मारायला येत चला." ते म्हणाले, "गप्पा मला येत नाहीत. तू समोर बसलीस की मी हवापाण्यावर बोलेन, तू चहा करशील, आणि झालं." मग बराच वेळ कात्रीची मूठ पुसत राहिले. म्हणाले, "त्या भिंतीआडून बरं होतं. तोंड दिसत नव्हतं."

आणि मग तेच म्हणाले, "तुझ्या त्या फोनचा नंबर दे."

मी दिला. पण नियम आहे तोही सांगितला: ओळखीच्या माणसाचा फोन आम्ही घेत नाही, दुसऱ्या ताईकडे देतो. म्हटलं, तुमचा आवाज मी लगेच ओळखेन, काका. ते म्हणाले, "तूच हवीस असं कुठे आहे? तुझ्यासारखी कोणीतरी चालेल." बाबा, याहून मोठं कौतुक माझं कोणी करणार नाही. रडू आवरून घरी आले.

पुढे किती दिवस काही झालं नाही. मी विचारलं नाही, विचारणं योग्यही नव्हतं. काल काकूंना जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी माझं काम चालू होतं. दोन फोनांच्या मधे सहज खिडकीकडे पाहिलं. काकांनी खुर्ची बाहेर आणली होती. कुंपणाजवळ नाही, त्यांच्या मागच्या पायरीपाशी. कानाला फोन होता. आधी नुसतेच बसले होते, फोन धरून. मग त्यांचे ओठ हलायला लागले.

ते बोलत होते, बाबा. कितीतरी वेळ बोलत होते. मधेच हात वर करायचे, कुंपणाची उंची दाखवावी तसा. मधेच डोळे पुसायचे आणि पुन्हा बोलायचे. मी तुमच्या दोन भिंतींच्या आत बसले होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग माझा फोन वाजला. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "मी ऐकतेय."

ठकी


२० मे

ठके,

पत्र पोचलं. आई विचारतेय, "काय लिहिलंय, काय लिहिलंय?" तिला एवढंच म्हटलं, की खोली छान चाललीय.

बाकीचं तिलाही सांगणार नाही. तो माणूस मला पुन्हा भेटला तर त्यालाही विचारणार नाही, वाळूचे आभार तेवढे मानीन. आयुष्यभर मी मागे उभा राहून कान देत आलो, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं का म्हणून. तू ऐकू येत नसताना बसून राहिलीस आणि तुला बरं वाटलं. हे मी तुला शिकवलेलं नाही. तुझा मला फार अभिमान वाटतो, ठके. हे तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तू खोलीत होतीस आणि मी वाळू पसरत होतो.

पत्र वाचून मी रडलो. आईला कळवू नकोस. ती समोरच बसलीय.

बाबा